गाठ कापण्याआधी: सॉफ्ट टिश्यू सार्कोमाच्या एकत्रित उपचारांची वाट, पायरीपायरीने

मांडीत, दंडात किंवा पाठीत गाठ निघाली आणि डॉक्टरांच्या तोंडून 'सार्कोमा' हा शब्द आला, की घरात सगळ्यांचं एकच सुरू होतं: काढून टाका ती, आजच्या आज. माझं सांगणं एवढंच आहे की या आजारात पहिली सुई आणि पहिला चाकू कोणी, कधी आणि कुठल्या जागी लावला यावर पुढचं बरंचसं ठरतं. ऑपरेशन, रेडिएशन आणि किमो ही तिन्ही हत्यारं बहुतेक मोठ्या केंद्रांत आहेत. ती कोणत्या क्रमाने वापरायची हे आधी ठरलं पाहिजे. एकदा क्रम चुकला की मागे जाऊन तो दुरुस्त करता येतो, पण त्याची किंमत पेशंटच्या हातापायाला मोजावी लागते.

हा लेख नव्याने या वाटेवर आलेल्या पेशंटसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. डॉक्टरांना काय विचारायचं, कुठली कागदपत्रं सांभाळायची आणि कुठे थांबायचं, ते यात आहे. औषधाचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

पायरी १: संशय कुठल्या गाठीचा घ्यायचा

सॉफ्ट टिश्यू सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, नसांची आवरणं अशा मऊ भागांत होणारा कॅन्सर. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा जेमतेम १ टक्का, आणि त्या १ टक्क्यात ७० हून जास्त प्रकार. उलट साध्या, निरुपद्रवी गाठी याच्या निदान शंभरपट असतात. त्यामुळे तालुक्याच्या सर्जनने शंभर चरबीच्या गाठी काढल्या तरी त्यांना एकही सार्कोमा भेटलेला नसतो. यात त्यांचा दोष नाही, पण म्हणूनच पेशंटने सावध राहायला हवं.

गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे, वाढते आहे, स्नायूच्या आत खोल आहे, किंवा एकदा काढल्यावर त्याच जागी परत आली आहे, यातलं एक जरी असलं तरी ती 'साधी चरबीची' धरून चालायचं नाही. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, सार्कोमा बऱ्याचदा दुखतच नाही. मार लागल्यामुळे गाठ आली असंही अनेकांना वाटतं. खरं तर मार लागल्यावर हात तिथे जातो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा लक्षात येते. रक्त साकळलंय असं सांगितलेली सूज काही आठवड्यांत ओसरली नाही तर तपासणी करून घ्याच. तोवर तेल लावून चोळणं, गरम विटेने शेकणं, जळवा लावणं यातलं काही करू नका.

पायरी २: आधी एमआरआय, मग सुई

गाठ ज्या भागात आहे त्या भागाचा एमआरआय सुई लावण्याआधी व्हायला हवा. सुई गेली की आत थोडं रक्तस्राव होतो, सूज येते, आणि मग चित्रात गाठीची कड कुठली आणि सूज कुठली हे ओळखणं अवघड जातं. एमआरआयमध्ये मुख्य रक्तवाहिनी, मोठी नस आणि हाड गाठीपासून किती लांब आहे ते कळतं. पाय वाचेल की नाही या प्रश्नाचं उत्तर त्यावरच अवलंबून असतं. पोटातल्या गाठीसाठी बहुधा सीटी स्कॅन करतात. रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी मागून घ्या. सर्जनला चित्रं बघायची असतात, कागदावरचा मजकूर त्यांना पुरत नाही.

पायरी ३: बायप्सी, आणि इथे थोडं रेंगाळू

बारीक सुईने पेशी ओढून करायची तपासणी, म्हणजे एफएनएसी, सार्कोमासाठी सहसा पुरत नाही. तिच्यात सुट्या पेशी येतात, त्यांची मांडणी दिसत नाही, आणि प्रकार व ग्रेड ठरवायला मांडणी लागते. म्हणून जाड सुईची कोअर बायप्सी करतात, जिला ओपीडीत सगळे 'ट्रूकट' म्हणतात. जागा बधिर करून, बहुतेक वेळा सोनोग्राफीत बघत, पेन्सिलीतल्या शिशाएवढे बारीक तुकडे घेतात. पेशंट त्याच दिवशी घरी जातो.

सुई ज्या वाटेने आत गेली त्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडल्या असू शकतात असं धरून सर्जन पुढच्या ऑपरेशनमध्ये ती वाटही कातडीसकट काढतात. सुई मांडीच्या भलत्याच बाजूने गेली तर तिथली निरोगी जागाही काढावी लागते. म्हणून ज्या सर्जनकडे ऑपरेशन होणार आहे त्यांनीच सुईची जागा ठरवायला हवी. उघडी बायप्सी करावीच लागली तर हातापायावरचा छेद लांबीच्या दिशेने घेतात, आडवा नाही. बायप्सीला जाण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: 'ऑपरेशनचा छेद कुठून येणार आहे, आणि सुई त्याच रेषेत आहे ना?' हा प्रश्न विचारल्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

आणि गाठ आधीच काढून झाली असेल तर? हे आपल्याकडे सर्रास घडतं: 'छोटीशी आहे, लोकलमध्ये काढू', म्हणजे तेवढीच जागा बधिर करून, असं म्हणून काढली आणि आठवड्याने रिपोर्टमध्ये सार्कोमा निघाला. घाबरून जाऊ नका, उपचार संपलेले नसतात. ऑपरेशनची नोंद, रिपोर्ट, स्लाइड आणि पॅराफिनचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे), सगळं ताब्यात घ्या. आधीचा एखादा स्कॅन असेल तर तोही घ्या. सार्कोमाच्या केंद्रात पुन्हा एमआरआय होईल आणि बहुतेकांना त्याच जागी अधिक रुंद ऑपरेशन लागेल, कारण बऱ्याच जणांत आत गाठीचा अंश उरलेला सापडतो. जखम नीट भरलेली दिसते म्हणून हे पुढे ढकलू नका.

पायरी ४: रिपोर्ट वाचायला शिका

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: प्रकार, ग्रेड, आणि ऑपरेशन झालं असेल तर मार्जिन, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचल्या आहेत की कड स्वच्छ आहे.

प्रकार म्हणजे लायपोसार्कोमा, लायोमायोसार्कोमा, सायनोव्हिअल सार्कोमा वगैरे. सूक्ष्मदर्शकाखाली यांतले काही सारखेच दिसतात, म्हणून आयएचसी नावाची रंगांची तपासणी आणि कधीकधी जनुकांची तपासणी करतात. सायनोव्हिअल सार्कोमात एसएस१८ जनुकाची तोडजोड सापडते, लायपोसार्कोमाच्या काही प्रकारांत एमडीएम२ वाढलेलं असतं. या तपासणीत दिवस जातात आणि पैसेही, पण ती टाळू नका. कारण पोटातल्या गाठीचा रिपोर्ट 'जिस्ट' (जठर-आतड्याच्या भिंतीतून निघणारा सार्कोमा) आला तर वाटच बदलते: तिथे नेहमीची किमो उपयोगाची नाही, इमॅटिनिब नावाची रोजची गोळी उपयोगाची आहे.

ग्रेड १, २ किंवा ३ असते. पेशी मूळ ऊतीपासून किती बदलल्या, किती वेगाने विभागतात आणि गाठीतला किती भाग मेलेला आहे यावरून ती ठरते. रेडिएशन द्यायचं का, किमो द्यायची का, या दोन्ही प्रश्नांत ग्रेड मोठी भूमिका बजावते. रिपोर्ट दुसऱ्या, सार्कोमा नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घेणं हा अविश्वास समजू नका. टाटासारख्या केंद्रात बाहेरच्या स्लाइड तिथेच पुन्हा वाचतात, म्हणून तर ब्लॉक मागतात.

याच सुमारास छातीचा सीटी होतो, कारण सार्कोमा पसरला तर बहुधा आधी फुफ्फुसात जातो. मिक्सॉइड लायपोसार्कोमा मात्र मणक्यात आणि चरबीच्या इतर जागीही जातो, म्हणून त्यात मणक्याचा एमआरआय सांगितला तर जास्तीची तपासणी म्हणून नाकारू नका.

पायरी ५: सगळे डॉक्टर एका टेबलावर

सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, किमोचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात, त्याला ट्यूमर बोर्ड किंवा जॉइंट क्लिनिक म्हणतात. पहिला चाकू लागण्याआधी ही बैठक झालेली असावी. तिथून बाहेर आल्यावर तुमच्याकडे या प्रश्नांची उत्तरं हवीत: उपचार बरं करण्यासाठी आहेत की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी? आधी काय, नंतर काय, मधे किती आठवडे? हात किंवा पाय वाचेल का, आणि वाचला तर किती काम देईल? उत्तरं वहीत लिहून घ्या. सोबत एक शांत डोक्याचा नातेवाईक न्या, पेशंटला त्या वेळी अर्धं ऐकूच येत नाही.

पायरी ६: एकत्रित उपचार म्हणजे नेमकं काय

एके काळी मांडीतल्या सार्कोमाला पाय कापणे हाच उपाय होता. १९८२ साली अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ४३ पेशंट होते. १६ जणांचा हात किंवा पाय कापला, २७ जणांचा अवयव राखून गाठ काढली आणि त्या जागी रेडिएशन दिलं. अवयव राखलेल्यांत ४ जणांना तिथेच गाठ परत आली, कापलेल्यांत कोणालाही नाही. पण जगण्याच्या प्रमाणात दोन गटांत फरक दिसला नाही. आज बहुसंख्य पेशंटचे हातपाय वाचतात, त्याच्या मुळाशी ही जोडी आहे.

रेडिएशन, म्हणजे गावाकडे ज्याला 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात, ऑपरेशनच्या आधी द्यायचं की नंतर, यावर कॅनडात १९० पेशंटवर अभ्यास झाला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. आधी दिलं तर डोस ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक), म्हणजे आठवड्याला ५ दिवस असे ५ आठवडे. नंतर दिलं तर ६६ ग्रेपर्यंत, आणि तेही मोठ्या जागेवर, कारण ऑपरेशनमध्ये हात लागलेला सगळा भाग त्यात घ्यावा लागतो. आधी रेडिएशन घेतलेल्यांपैकी ३५ टक्के जणांना जखम भरण्याचा त्रास झाला, नंतर घेतलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. पण पुढे वर्षा-दोन वर्षांनी पाहिलं तर नंतर रेडिएशन घेतलेल्यांच्या पायात कडकपणा जास्त होता. जखम महिन्यांत भरते, आखडलेला पाय आयुष्यभर सोबत राहतो. म्हणून शेतात किंवा कारखान्यात उभ्याने काम करायचं आहे अशा माणसाने 'आधी रेडिएशन' या पर्यायाबद्दल जरूर बोलावं असं माझं मत आहे. डायबिटीस असेल तर साखर आटोक्यात आणा. विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिशरी बंद करा, कारण निकोटिनने जखम भरायला वेळ लागतो. 'मी फक्त मिशरी लावते' असं म्हणणाऱ्या आईला आणि आजीला हे स्पष्ट सांगा.

रेडिएशनच्या खोलीची भीती बऱ्याच जणांना असते. पहिल्या दिवशी रेडिएशन देतच नाहीत. पाय रोज एकाच स्थितीत राहावा म्हणून त्याचा साचा बनवतात, सीटी काढतात आणि कातडीवर खुणा करतात. त्या खुणा आंघोळीत पुसू नका. पायाचा पूर्ण घेर रेडिएशनखाली येऊ देत नाहीत, एक उभी पट्टी मोकळी सोडतात, म्हणजे खालचं पाणी वर वाहून जायला वाट राहते आणि पाय सुजत नाही. रोजचं काम काही मिनिटांत होतं, दुखत नाही. पाच आठवड्यांनी गाठ तेवढीच दिसली, किंवा थोडी फुगलेली वाटली, तर निराश होऊ नका. आतल्या पेशी मेल्या तरी आकार तसाच राहू शकतो. ऑपरेशन साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, कातडी शांत झाल्यावर करतात.

किमोचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ती प्रत्येकाला लागत नाही. गाठ मोठी, खोल, ग्रेड ३ ची आणि औषधाला दाद देणाऱ्या प्रकारची असेल तर बोर्ड ती सुचवतं. इटलीच्या पुढाकाराने युरोपात झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑपरेशनआधी एपिरुबिसिन आणि आयफोस्फामाइड या किमोच्या औषधांच्या तीन सायकल, म्हणजे तीन फेऱ्या, दिल्या होत्या. प्रकारानुसार निवडलेल्या इतर औषधांपेक्षा ही जुनी जोडीच सरस ठरली. आपल्याकडे एपिरुबिसिनच्या जागी अनेकदा डॉक्सोरुबिसिन असतं. ते लाल रंगाचं असतं, त्यामुळे एक-दोन दिवस लघवी लालसर होते. त्याने घाबरू नका. पण आयफोस्फामाइडमुळे मूत्राशयातून खरोखर रक्त येऊ शकतं, म्हणून सोबत मेस्ना नावाचं औषध आणि भरपूर सलाइन देतात. लघवी मोजून लिहून ठेवायला सांगितली तर कंटाळा करू नका. पेशंट असंबद्ध बोलू लागला, फार झोपेत राहू लागला, तर नर्सला तत्काळ सांगा. तोही याच औषधाचा परिणाम असू शकतो आणि वेळीच थांबवता येतो. घरी आल्यावर ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइटला पोचला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असला तरी हॉस्पिटल गाठायचं.

तरुण पेशंटसाठी आणखी एक गोष्ट. पुढे मूल हवं असेल तर वीर्य किंवा बीजांड गोठवून ठेवण्याबद्दल किमो सुरू होण्याआधीच विचारा. आपल्या घरांत हा विषय काढायला संकोच वाटतो आणि वेळ निघून जाते.

या तिघांच्या जोडीला आणखी उपायांचे अभ्यास झाले आहेत. किमो चालू असताना गाठीचा भाग यंत्राने ठरावीक तापमानाला गरम करायचा, या पद्धतीचा ३४१ पेशंटवरचा युरोपीय अभ्यास २०१० आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात फायदा दिसला. पण ते यंत्र आणि ते मोजमाप मोजक्याच केंद्रांत आहे, घरच्या शेकण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. फक्त एका हातापायाचं रक्ताभिसरण वेगळं करून त्यात औषध फिरवण्याची पद्धत युरोपात १९९९ पासून मान्य आहे. ती अवयव वाचण्याची आशा कमी असेल तिथे वापरतात. २०२४ साली रेडिएशन आणि ऑपरेशनला पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीची (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाची) जोड देण्याचा अभ्यास आला. ठरावीक दोन प्रकारांत, दोन वर्षांनी आजाराविना असलेल्यांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेलं. आशा वाटावी असा आकडा आहे, पण तो त्या दोन प्रकारांपुरता आहे, आणि औषध फार महाग आहे. शेत गहाण टाकण्याआधी बोर्डाला विचारा की आपल्या प्रकारात याचा पुरावा आहे का. ओलारॅटुमॅब नावाचं औषध २०१६ साली अमेरिकेत मोठ्या अपेक्षेने मंजूर झालं आणि २०१९ साली मोठ्या अभ्यासात निष्प्रभ ठरून मागे घेतलं गेलं.

सगळं एकत्र दिलं की जास्त फायदा, असंही नाही. पोटाच्या मागच्या भागातल्या सार्कोमात ऑपरेशनआधी रेडिएशन द्यावं का, हे पाहणाऱ्या २६६ पेशंटच्या अभ्यासात, २०२० साली, एकंदरीत फायदा दिसला नाही. तिथे पहिलंच ऑपरेशन अनुभवी हातून पूर्ण होणं हाच मोठा उपचार आहे.

लहान मुलांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यातल्या ऱ्हॅब्डोमायोसार्कोमात किमो प्रत्येकाला लागते आणि गाठीवर ऑपरेशन, रेडिएशन किंवा दोन्ही. नेहमीची किमो संपल्यावर जास्त जोखमीच्या मुलांना सहा महिने सौम्य किमो चालू ठेवली तर अधिक मुलं वाचतात, हे २०१९ साली युरोपीय अभ्यासात दिसलं. मूल खेळायला लागलं म्हणून हे शेवटचे महिने सोडू नका.

आजार फुफ्फुसात गेला असेल तरी दार बंद होत नाही. मोजके डाग असतील तर ते ऑपरेशनने काढता येतात. पसरलेल्या लायोमायोसार्कोमात डॉक्सोरुबिसिनबरोबर ट्रॅबेक्टेडिन दिल्यावर मध्यम आयुर्मान (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) २४ महिन्यांवरून ३३ महिन्यांवर गेलं, असा फ्रान्सचा अभ्यास २०२४ साली आला. त्रासही वाढतो, तेव्हा पेशंटला काय हवंय हे त्याच्या तोंडून ऐका.

पायरी ७: फाइल, पैसा, राहणं

परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि सार्कोमासाठी तिथे हाडं व मऊ ऊतींचा वेगळा गट काम करतो. पण महाराष्ट्रातला प्रत्येक पेशंट परळला राहू शकत नाही. नियोजन मोठ्या केंद्रात आणि रेडिएशन किंवा किमो घराजवळ, अशी वाटणी करता येते. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, बार्शी इथे कॅन्सरची हॉस्पिटलं आहेत. देशातली अनेक केंद्रं २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये जोडलेली आहेत. अट एकच: दोन्हीकडच्या डॉक्टरांकडे एकच लेखी योजना हवी आणि तारखा एकमेकांना कळलेल्या हव्यात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते घरूनच बघून निघा. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, पहिल्याच दिवशी भेटा, मंजुरी उपचाराआधी लागते. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण सूट मिळते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरलेला फॉर्म भरून घ्या.

मुंबईत पाच आठवडे राहायचं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि वांद्र्याचं डॉ. अर्नेस्ट बोर्जेस होम ही नावं लक्षात ठेवा. टाटासमोरचा रस्ताही याच गोव्याच्या सर्जनच्या नावाने आहे. मूल पेशंट असेल तर सेंट ज्यूड या संस्थेच्या, कॅन्सर झालेल्या मुलांसाठीच्या घरांबद्दल समाजसेवा विभागात विचारा. जागा कमी असतात, म्हणून रेडिएशनची तारीख मिळाली की त्याच दिवशी राहण्याची चिठ्ठी मागा.

पायरी ८: ऑपरेशननंतर

फिजिओथेरपी ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या, दुखत असताना नवीन व्यायाम शिकणं जड जातं. रेडिएशन झालेल्या भागात खाज, कोरडेपणा, सूज राहू शकते. मांडीच्या हाडाला रेडिएशन लागलं असेल तर पुढे काही वर्षांनीही ते किरकोळ पडण्याने मोडू शकतं, म्हणून त्या पायात नवीन दुखणं सुरू झालं तर मुका मार समजून सोडून देऊ नका.

तपासणी पहिली दोन-तीन वर्षं दर ३ ते ४ महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी, त्यानंतर वर्षातून एकदा. प्रत्येक वेळी ऑपरेशनची जागा हाताने तपासतात आणि छातीचा एक्स-रे किंवा सीटी काढतात. दोन तपासण्यांच्या मधे आंघोळीच्या वेळी स्वतः जागा चाचपत जा. नवीन गाठ लागली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

शेवटच्या सायकलनंतर डिस्चार्ज कार्डवर डॉक्सोरुबिसिनचा आजवरचा एकूण डोस लिहून घ्या. या औषधाचा हृदयावरचा परिणाम साठत जातो आणि त्याला आयुष्यभराची मर्यादा आहे. दहा वर्षांनी दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांना ते औषध द्यावं लागलं तर तो आकडाच त्यांना सांगेल की अजून किती देता येईल.